बिनगिलाव्याची भिंत

आमच्या बैठकीतली काचेची शोकेस ज्या दिवशी घराबाहेर गेली, त्याच दिवशी मी ओळखायला हवं होतं की पुढचा नंबर माझा आहे. त्या शोकेसमध्ये मान हलवणारी बाहुली होती, ऑफिसच्या कॅरम स्पर्धेत मला मिळालेली उपविजेतेपदाची ढाल होती, आणि पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला, त्यामुळे एकाही पाहुण्याने कधी न वापरलेला कपबशांचा सेट होता. आमची लेक ठकी कमरेवर हात ठेवून त्या शोकेससमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला ही भिंत पाहिजे."

लोकांच्या मुली बापाकडे गाडी मागतात, परदेशी जायचं तिकीट मागतात. माझ्या मुलीने भिंत मागितली. मला बरंच वाटलं, कारण भिंत माझ्याकडे होती.

ठकी इंटिरिअर डिझायनर आहे. एका मोठ्या फर्ममध्ये ती इतरांच्या बंगल्यांसाठी दारांच्या मुठी निवडायची. ते सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि तिला एक, म्हणजे एकच, गिऱ्हाईक मिळालं होतं. त्या बंगलेवाल्या बाईंनी आधीचे तीन डिझायनर घरी पाठवले होते. त्यांनी ठकीला सांगितलं होतं, "कागदावरचं मला कळत नाही. एक भिंत करून दाखव. हात लावून बघेन, मग बोलू." भिंत पसंत पडली तर अख्खा बंगला ठकीचा. नाही पडली तर पुन्हा जुन्या फर्ममध्ये मुठी. जुन्या साहेबांनी तिला निरोप देताना म्हणे सांगितलं होतं, "तुझी खुर्ची मी हलवत नाही. येशीलच." हे सांगताना ठकी हसली, पण हसताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग मी शोकेसचं एक टोक धरलं आणि आमच्या हिने दुसरं.

भिंत काँक्रीटची होणार होती. आता काँक्रीट म्हणजे घराच्या आत असतं, हे मला माहीत होतं. माणसाच्या अंगात हाडं असतात, तसं. ती कोणी बाहेर काढून दाखवत नाही. पण ठकी म्हणाली की हल्ली मोठ्या घरांमध्ये काँक्रीट असंच उघडं ठेवतात. गिलावा नाही, रंग नाही.

"म्हणजे मधेच पैसे संपल्यासारखं?" हिने विचारलं.

"आई, काँक्रीट प्रामाणिक असतं. ज्याला टेकवून ओतावं त्याचा ठसा ते घेतं. फळीची रेघ न् रेघ त्यात उमटते. ते बोलतं."

"काय बोलतं?" मी विचारलं.

"ते ओतल्याशिवाय कसं कळणार?"

मी आयुष्यभर लेखापरीक्षण केलेला माणूस. काय निघणार हे आधी ठाऊक नसताना आम्ही वहीसुद्धा उघडत नाही. पण लेकीसमोर किती बोलायचं यालाही मर्यादा असते.

पहिली अडचण आली ती सोसायटीच्या सेक्रेटरींची. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता, पण सेक्रेटरींना प्रश्न लागतोच. त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यात दोनच रकाने होते, 'दुरुस्ती' आणि 'रंगकाम'.

"भिंत मोडलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दुरुस्ती नाही. रंग देणार?"

"मुळीच नाही," ठकी म्हणाली. "रंग द्यायचा नाही, हीच तर गंमत आहे."

"मग भिंतीला तुम्ही करणार काय?"

"तिला व्यक्त होऊ देणार."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे पाहतात तसं पाहिलं. मग त्यांनी 'दुरुस्ती'च्या रकान्यात आमचं नाव लिहिलं आणि शेवटी 'काम पूर्ण झाल्यावर तपासणी होईल' अशी ओळ ठोकून दिली. ती ओळ पुढे आमच्या मानगुटीवर बसणार होती, पण तेव्हा मी त्यांना चहा पाजला.

दुसरी अडचण फळ्यांची. ठकीला जुन्या, खरबरीत, शिरा वर आलेल्या फळ्या हव्या होत्या. त्यांचा साचा उभा करायचा, भिंत आणि साचा यांच्यामधल्या फटीत काँक्रीट ओतायचं, आणि साचा काढला की फळ्यांच्या शिरा भिंतीवर. हे काम मी मागून घेतलं. लाकडाच्या वखारीत गेलो आणि वखारवाल्याला म्हटलं, "तुमच्याकडची सगळ्यात वाईट फळी दाखवा."

वखारवाल्याचा चेहरा पडला. "साहेब, माझ्याबद्दल कोणी काही सांगितलंय का?"

मी त्याला खूप समजावलं. वाईट म्हणजे वाईट नव्हे, व्यक्त होणारी. तो मान डोलावत राहिला. संध्याकाळी टेम्पोतून फळ्या आल्या त्या अशा गुळगुळीत की त्यांत तोंड दिसावं. बिचाऱ्याने आपली इज्जत राखायला रात्रंदिवस... नाही, तेवढा वेळ त्याला नव्हता, पण दुपारभर यंत्रावर बसून सगळ्या रंधून पाठवल्या होत्या. वर निरोप होता, "रंधण्याचं काही लावलेलं नाही. आपले संबंध राहोत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ठकी त्या फळ्यांवरून हात फिरवत उभी राहिली. मला ते सहन होईना. मग घरातलं जुनं लाकूड शोधायची मोहीम निघाली. गच्चीतल्या टाकीखालच्या फळ्या आल्या, माळ्यावरची शिडीमागची आली, तरी डाव्या टोकाला हातभर जागा उरलीच. मी इकडेतिकडे पाहिलं आणि अडगळीच्या खोलीचं दार बिजागरीतून उचकटलं. दोन जाड फळ्यांचं अरुंद दार ते. बाहेरच्या अंगाला रंगाचे थर बसलेले, पण आतलं अंग कोरं, रापलेलं, अगदी ठकीला हवं तसं. त्यावर कोळ्यांची जाळी आणि आणखी काय काय होतं, ते बघायला सवड कोणाला होती? जाळी झाडली आणि आतलं अंग काँक्रीटकडे करून, जसं चौकटीत उभं होतं तसंच ते साच्यात उभं केलं.

"अहो, ते दार आहे," ही म्हणाली.

"होतं," मी म्हटलं.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आमची अडगळ दिसते. ही म्हणते, निदान ती तरी प्रामाणिक आहे.

गवंडी मात्र भला माणूस होता आणि तोच ठकीचा सर्वांत मोठा विरोधक निघाला. त्याने काँक्रीट ओतलं, ठोकून ठोकून बसवलं, आणि साचा उघडायच्या दिवशी थापी, रंधा, वाळूची चाळण असा सगळा सरंजाम घेऊन आला. फळ्या निघाल्या. मागे करडी, रेघारेघांची, डोंगराच्या कुशीसारखी भिंत. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरी दिसत होती, हे मी कबूल केलं नाही.

"छान," ठकी कुजबुजली. तिने भिंतीला गाल लावला.

"छान काय ताई? आत्ता कुठे सुरुवात आहे." गवंड्याने थापी उचलली. "गिलावा मारतो, मग बघा."

"गिलावा नाही मारायचा."

"मग निदान ही कुसळं तरी तासतो." डाव्या कडेला, दाराच्या फळीच्या जागी, दहाबारा बारीक उंचवटे आले होते. करड्यावर करडे, नीट दिसतही नव्हते.

"हात लावू नका. काँक्रीटला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलंय."

गवंडी खाली बसला. त्याने पाणी मागितलं. जाताना मला दारापाशी बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हे मी केलं असं कोणाला सांगू नका. मला पोरींची लग्नं करायचीत." पुढच्या आठवड्यात तो दोनदा आपणहून येऊन गेला. गिलावा फुकट मारून देतो म्हणाला. त्याला म्हणे झोप लागत नव्हती.

त्यानंतर काँक्रीटला पाणी मारायचं काम आलं, आणि सांगायला हरकत नाही, या प्रकल्पात माझी खरी कदर तिथेच झाली. सिमेंटला पाणी मारणं हे आमच्या पिढीच्या रक्तात आहे. सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन मी भिंतीसमोर उभा राहायचो. एकदा वर्तमानपत्र वाचता वाचता मारलं, तर पाणी बैठकीतून, उंबऱ्यावरून, जिन्याच्या मोकळ्या जागेतून थेट समोरच्या वहिनींच्या पायपुसण्यापर्यंत गेलं. वहिनी विचारपूस करायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "काम थांबलं का हो?"

"नाही, संपलं," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले. माझ्या शब्दांनी त्यांना काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी त्यांच्याकडून डबा आला. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून आला. लोक माझ्याशी मऊ आवाजात बोलू लागले. वाण्याने "सावकाश द्या" म्हटलं, मी काही घेतलंही नव्हतं. चौथ्या डब्याला हिने वहिनींना गाठलं, तेव्हा खुलासा झाला. आमचं काम अर्ध्यावर अडलंय, पैसे संपलेत, पोरीने बापाला बुडवलं आणि बाप मानी असल्यामुळे 'संपलं' म्हणतोय, असं सगळ्या इमारतीचं ठरलं होतं.

"अहो, ते असंच असतं," ही म्हणाली. "उच्च अभिरुची आहे ती."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "माणसाने धीर धरावा." आणि त्यांनी हिचा हात दाबला.

अशा लोकांचं काय करायचं? रागावताही येत नाही. भांडणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर देता येतं, मायाळू शेजाऱ्याला डबा परत करावा लागतो, आणि तोही रिकामा देता येत नाही.

त्यात सेक्रेटरींची तपासणी झाली. त्यांनी भिंत वरून खाली, खालून वर पाहिली, नखाने खरवडली, आणि नोटीस लिहिली. दुरुस्तीचं काम गिलावा व रंग न देता अर्धवट सोडलेलं असून ते त्वरित पूर्ण करावं. मी म्हटलं, हे पूर्ण आहे. ते म्हणाले, "साहेब, तुमची परिस्थिती मी समजू शकतो. पण नियम." ठकीने त्यांना मासिकांतले फोटो दाखवले. एकेका भिंतीपाशी एकच खुर्ची, खुर्चीवर कोणी नाही. सेक्रेटरी ते फोटो फार वेळ बघत राहिले. "यांचंही थांबलंय वाटतं," ते म्हणाले.

बंगलेवाल्या बाई रविवारी चार वाजता येणार होत्या. शनिवारपासून ठकी जेवली नाही म्हटलं तरी चालेल. रविवारी सकाळी तिला वाटलं की भिंतीसमोर तशीच एक खुर्ची हवी, एकटी. म्हणून आम्ही तिघं खुर्ची भाड्याने आणायला निघालो. किल्ली नेहमीप्रमाणे वहिनींकडे ठेवली. किल्ली शेजारी ठेवणं ही आमची जुनी रीत. शेजारी कपडे आत घेतात, दूध तापवतात. त्यापलीकडे ते काही करतील असं आजवर वाटलं नव्हतं.

दुपारी आम्ही खुर्ची घेऊन आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. आत स्टुलावर सेक्रेटरी बनियनवर उभे होते. खाली वहिनी पदर खोचून बादली धरून होत्या. वहिनींचा नेहमीचा रंगारी भिंतीला पांढरी पुट्टी फासत होता. डावी निम्मी भिंत दह्यासारखी पांढरी झाली होती.

"आलात का लवकर?" वहिनी हसून म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आत उरकणार होतो. सगळ्यांनी मिळून केलंय हो. पोरीचे पाहुणे येणार आणि भिंत अशी, बरं नाही दिसत."

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. "तुम्ही?"

"नोटीस मी सेक्रेटरी म्हणून दिली," ते स्टुलावरून म्हणाले. "पुट्टी शेजारी म्हणून आणली."

भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची माझी तयारी होती. पण मी ठकीकडे पाहिलं. तिने ती भाड्याची खुर्ची दारातच ठेवली आणि तिच्यावर बसली. मुलगी रडली असती तर आम्ही काहीतरी केलं असतं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "साहेबांना फोन करून टाकते. खुर्ची हलवली नसेल त्यांनी."

वहिनींच्या हातातली बादली हळूहळू खाली आली. त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की भिंत खरोखरच संपलेली होती. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांचीच दया आली.

"माझ्या हातून हे काय होऊन बसलं गं बाई," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी शाळा सुटायची तेव्हा आम्ही ऑफिसात असायचो, म्हणून ही मुलगी वहिनींच्याच घरी दप्तर टाकायची. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि पांढऱ्यात बोट बुडवलं.

"ओली आहे अजून," ती म्हणाली. "काकू, जुनी फडकी आहेत का?"

मग जे झालं त्याला मी जनआंदोलन म्हणतो. चादरी फाटल्या, माझे दोन बनियन गेले, त्यातला एक चांगला होता. रंगारी, सेक्रेटरी, वहिनी, ही, मी, सगळे ओल्या फडक्यांनी पुट्टी पुसायला लागलो. वरवरची निघत होती, पण लाकडाच्या शिरांच्या खोबणीत गेलेली काही केल्या निघेना. सेक्रेटरी काडीने कोरू लागले. बघता बघता करड्या भिंतीवर फळ्यांची एकेक शीर पांढरी होऊन उठली. आधी जे जवळ जाऊन पाहावं लागायचं ते आता दारातून दिसू लागलं. ठकी पुसायची थांबली आणि दोन पावलं मागे सरकली.

"अहो," हिने मला हाक मारली. ती डाव्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. "हे बघा."

गवंड्याची ती कुसळं. पुट्टी त्यांच्या कडेने साचली होती आणि प्रत्येक उंचवटा पांढऱ्या कोंदणात बसवल्यासारखा दिसत होता. कुसळं कसली, आडव्या रेघा होत्या त्या. एक माझ्या मांडीशी, तिच्या वर दुसरी, तिच्या वर तिसरी, अशा चढत गेलेल्या.

मी ओळखल्या. दर वाढदिवसाला ठकीला अडगळीच्या दाराला आतल्या बाजूने पाठ लावून उभी करायचो आणि डोक्यावर फूटपट्टी ठेवून चाकूने खाच पाडायचो. त्या खाचा काँक्रीटने भरून घेतल्या होत्या आणि उलट बाहेर काढून दिल्या होत्या. शेवटची बाराव्या वर्षाची. तेराव्याला ती म्हणाली होती, "बाबा, मी काय लहान आहे?" आणि उभी राहिली नव्हती. त्यानंतर चाकू कुठे गेला, दार कधी विसरलो, काही आठवत नाही. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"ही कसली रेघ?" मागून कोणीतरी विचारलं.

बंगलेवाल्या बाई. चारची वेळ दिलेली, पण आल्या होत्या तासभर आधी. दारातल्या एकट्या खुर्चीला वळसा घालून त्या आत आल्या होत्या आणि बनियनवरच्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुम्ही चालू ठेवा." सेक्रेटरींनी चालू ठेवलं.

ठकीकडे अशा वेळी पुष्कळ शब्द असतात. प्रामाणिकपणा, पोत, अभिव्यक्ती. त्यातला एकही निघेना. म्हणून मी म्हटलं, "ती तिची उंची आहे."

बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. सावकाश, वाकून, खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत. मग उरलेली भिंतही चाचपली. वहिनी माझ्या मागे उभ्या राहून कोरडं फडकं पिळत होत्या.

"हे मला नको," बाई म्हणाल्या.

ठकीने मान हलवली.

"हे तुमचं आहे, ते माझ्याकडे कसं शोभेल?" बाई म्हणाल्या. "आधीच्या तिघांनी काँक्रीट दाखवलं मला. गुळगुळीत. त्यांच्या भिंतीसमोर बसलं की पार्किंगमध्ये बसल्यासारखं वाटायचं." त्या थांबल्या. "आमच्या जुन्या घराचं फाटक पडलंय गॅरेजमध्ये. सासूबाईंनी मला कधी टाकू दिलं नाही, आणि आता त्या नाहीत तर माझ्याच्याने टाकवत नाही. त्यातून काय निघेल?"

"ते ओतल्याशिवाय कसं कळणार?" ठकी म्हणाली.

"मग सोमवारी ये. फाटक बघ, मग घर बघ." बाई निघाल्या. दारात वळून त्यांनी सेक्रेटरींकडे बोट केलं. "आणि यांना घेऊन ये. पुसतात चांगलं."

सेक्रेटरी स्टुलावरून उतरले. त्यांनी शर्ट घातला, घरी जाऊन रजिस्टर आणलं, 'दुरुस्ती' आणि 'रंगकाम' यांच्या शेजारी हाताने एक तिसरा रकाना आखला, आणि त्याला काय नाव द्यावं हे न सुचल्यामुळे नुसतंच 'झालं' असं लिहिलं. वहिनी डबा आणायला गेल्या. या वेळी आनंदाचा.

सगळे गेल्यावर मी फडकी गोळा करत होतो. ठकी भिंतीच्या डाव्या कडेला गेली, चपला काढल्या आणि रेघांना पाठ लावून ताठ उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "फूटपट्टी कुठंय?"

मी फूटपट्टी आणली. तिच्या डोक्यावर ठेवायला मला हात वर न्यावा लागला. माझ्या खांद्याला लागते अशी माझी समजूत होती. कधीची, कोण जाणे. चाकू काँक्रीटवर चालेना, म्हणून मी पेन्सिलने रेघ मारली. ती वाकडी आली. पट्टी हलली असेल.

"पेन्सिलची आहे," ही मागून म्हणाली. "पुसून जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "पुन्हा उभी राहील ती."